चौकडीतला फुगवटा

घणसोली गाव, ११ जानेवारी

नमिता,

फोनवर मी तुला बोलू देत नाही, तेव्हा काय सांगायचं ते लिहून पाठवा, असा तुझा निरोप किसनने दिला. ठीक आहे. तुझा भाऊ रोज वाशीच्या मार्केटमधला कांद्याचा गाळा बंद करून खांदेश्वरला परततो, त्याच्या हाती पाकीट देत जाईन. तू मे महिन्यात त्याच्याकडेच राहिलीस, तेव्हापासून आपण एकमेकांशी धड बोललेलो नाही. म्हणून इकडच्या तिकडच्या चौकशा करत नाही, कामाचं लिहितो.

ड्राइव्हवरच्या 'गोणी' फोल्डरला तू हात लावलास का?

पासवर्ड फक्त आपल्या दोघांकडे आहे. त्यातली चौकडी वाकली आहे. ती फाइल केली तेव्हा तू इथेच होतीस, तरी सगळं लिहितो, कारण नंतर कुणी म्हणायला नको की मला माहीतच नव्हतं. किसनने आणलेली कांद्याची रिकामी गोणी. तिची जाळी मी फळीवर खिळे मारून ताणली, फोटो घेतला, त्यातून एक चौकोन कापला. चौकोन असा, की त्याच्या शेजारी तोच पुन्हा ठेवला, खाली पुन्हा ठेवला, अख्खी भिंत भरली, तरी कुठे जोड दिसू नये. मग मी तो नेहमीसारखा अर्धा सरकवून बघितला. म्हणजे चारही कडा मध्यभागी येतात आणि काही चुकलं असेल तर तिथे उघडं पडतं. बाकीचे लोक कडा कडेलाच ठेवून तपासतात आणि खूश होतात. मला हे कुणी शिकवलं नाही, माझं मी शोधलं. तेव्हा एक धागा इकडचा तिकडे नव्हता. तू दाराशी उभी राहून, डोळे बारीक करून बघितलंस आणि म्हणालीस, "कुठे संपते ते कळत नाही." तुझ्या तोंडून यापेक्षा मोठं कौतुक मी कधी ऐकलेलं नाही.

आता तीच जाळी मधोमध पुढे आली आहे. पोट सुटल्यासारखी.

हे मला आत्ताच का महत्त्वाचं, तेही लिहितो. वाशीच्या सुचिता मॅडमकडे खाडीकाठच्या एका हॉटेलचं काम आलं आहे. वेबसाइटच्या मागे जे पसरलेलं दिसेल तेच हॉटेलच्या पुढच्या भिंतीवर छापून लागणार. बारा बॅकग्राउंड, सगळी इथलीच पाहिजेत: मिठागरातली तडकलेली माती, चुन्याची भिंत, मासळीच्या टोपलीची वीण. भिंतीवर लागणार ती ही जाळी. हल्ली सगळे मशीनला दोन ओळी सांगतात आणि चहा येईपर्यंत त्यांना पन्नास डिझाइन मिळतात. नीट बघितलं तर त्यात एखादा धागा गाठीत शिरतो तो बाहेरच येत नाही, पण नीट बघतं कोण. मॅडम बघतात, म्हणून माझ्याकडे आल्या. हे बसलं तर पुढचं वर्षभराचं काम माझं. नाही बसलं तर दुसरं कुणी दार वाजवेल असं मला वाटत नाही.

मी नेहमीसारखं डावा डोळा मिटूनच तपासलं. साइनबोर्ड रंगवायचो तेव्हापासूनची ही सवय तुला माहीत आहे. दोन डोळे एकमेकांच्या चुका झाकतात, एकटा डोळा खरं बोलतो. गंमत म्हणजे दोन्ही उघडे ठेवले की जाळी जवळपास सरळ वाटते. याचा अर्थ बदल इतका बारीक आहे की साध्या माणसाच्या लक्षात येऊ नये. इतका बारीक बदल करू शकेल असं एकच माणूस मला माहीत आहे.

काय ते एकदा लिहून कळव.

आई बरी आहे. साखरेच्या गोळ्या मी घेतो.

नंदकुमार

ता. क. हे रेघांचे कागद वाशीहून आणले. छपाई भिकार आहे, मधल्या रेघा खाली झोल खातात. परत करणार आहे.

घणसोली गाव, २० जानेवारी

नमिता,

तुझी चिठ्ठी मिळाली. देताना किसन म्हणाला, "दाजी, मी कांदं विकू का तुमची पत्रां वाटू?" त्याला दोन्ही कर म्हटलं.

तू लिहिलंस, "फोल्डर मी उघडलेला नाही. शेवटचं कुणी उघडलं ते तिथेच दिसतं." बघितलं. दिसतं. माझंच नाव आहे. तेव्हा तुझ्यावरचा संशय मी मागे घेतो. यापेक्षा जास्त काही लिहायची गरज आहे असं मला वाटत नाही.

मग स्क्रीन. मी स्क्रीन रिक्षात घालून वाशीला नेला. दुकानदाराने लावून बघितला आणि म्हणाला एकदम ओके आहे साहेब. त्याच्या दुकानातल्या तिन्ही स्क्रीनवर मी माझी जाळी उघडून बघितली, तिन्हींवर पोट. मी त्याला म्हणालो, तुझा सगळा माल एकाच लॉटचा दिसतोय. तो हसला.

दुसरं, वरच्या खोल्यांच्या बाथरूमच्या टाइल्स. नामा मिस्त्रीने बसवल्या, रांगा सापासारख्या. भाडेकरूंना काही दिसत नाही, ते म्हणतात काका छान झालंय. मी एक डोळा मिटून बघितलं आणि त्याला सगळ्या उखडायला लावल्या. दुसऱ्यांदा बसवल्या, पुन्हा तेच. मग त्याने दोरी ताणली. एक टोक त्याने धरलं, एक मी. नमिता, दोरीसुद्धा मधे वाकलेली. मी म्हटलं, सैल धरलीस. त्याने इतकी ताणली की तुटली, आणि तोंडातली तंबाखू थुंकून म्हणाला, "शेठ, आता काय तार आनू?" वाद वाढला, शेजारी जमले. शेवटी आईला खालून जिना चढावा लागला. तिने भिंतीला हात लावला, टाइलवरून बोट फिरवलं आणि मला म्हणाली, "सरल तं हाय रं. तुजेच डोल्यान काय परलं असल." मोतीबिंदू झालेल्या बाईने मला हे सांगावं.

नामा औजारं घेऊन गेला तो आलेला नाही.

पण काम अडून राहिलेलं नाही, ते सांगायलाच बसलोय. फाइल कशी बिघडली याचा शोध मी सोडून दिला आणि दुरुस्तीला लागलो. धागा न् धागा पकडून सरळ केला. डावा डोळा मिटायचा, उजव्याने धागा बघायचा, वाकलेला दिसला की उलटा ढकलायचा. जाळी झाली, टोपलीची वीण झाली, जिथे जिथे उभ्या आडव्या रेघा आहेत ते सगळं पुन्हा केलं. मान धरली. पण आता माझ्या डोळ्यासमोर पट्टीने आखल्यासारखं सरळ आहे. दोन्ही डोळ्यांनी बघितलं तर थोडं विचित्र वाटतं, पण ते मी धरत नाही.

तू असतीस तर दाराशी उभी राहून काहीतरी म्हणाली असतीस. फाइल मी मॅडमकडे पाठवून दिली आहे.

चहा ओतताना हल्ली कपाबाहेर जातो. नव्या किटलीची तोटी वाकडी आहे.

नंदकुमार

घणसोली गाव, १ फेब्रुवारी

नमिता,

मला कुणालातरी हे सांगितलंच पाहिजे आणि आईला यातलं कळणार नाही.

काल सुचिता मॅडमनी वाशीच्या ऑफिसात बोलावलं. हॉटेलात लावण्याआधी त्यांनी ऑफिसच्याच एका भिंतीवर नमुना म्हणून जाळी छापून लावली आहे. जमिनीपासून छतापर्यंत. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. पेढेही नेले होते, हे तुला सांगायला लाज वाटते.

भिंतीला फोड आले होते. दुसरा शब्द नाही. प्रत्येक चौकोनाच्या मधोमध एक फुगवटा, एकसारखा, रांगेने, वरपासून खालपर्यंत. जोड कुठेही दिसत नव्हता, कडा मी अशा जुळवल्या आहेत की देवालाही सापडणार नाहीत. पण मधे फोड. तिथली एक मुलगी मागे कुणालातरी हळूच म्हणाली की सामान गुंडाळायचं बुडबुड्यांचं प्लास्टिक असतं ना, तस्सं. ते फोडायचा मोह होतो म्हणे.

मॅडम चांगल्या आहेत. त्यांनी विचारलं, "नंदकुमारजी, हे तुम्ही मुद्दाम असं केलंय का? म्हणजे काही इफेक्ट म्हणून?" मला हो म्हणता आलं असतं. मी म्हणालो, तुमच्या छपाईवाल्याने वाट लावली. त्यांनी छपाईवाल्याला बोलावलं, त्याने त्याच्या मशीनवर माझी मूळ फाइल उघडून सगळ्यांना दाखवली. तीत फुगवटा होता. सगळ्यांना दिसत होता. मी डावा डोळा मिटून बघितलं, मला तो चौकोन सपाट दिसत होता. उघडून बघितलं, फुगवटा. मिटला, सपाट. मी असं किती वेळा केलं कोण जाणे. मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला बरं नाहीये का? बसा ना."

मी बसलो नाही. परत भिंतीपाशी गेलो. आता जे लिहितो ते कुणाला सांगू नकोस, किसनलाही नाही. मी एक डोळा मिटून भिंतीकडे बघितलं तर सगळीकडे फोड, पण ज्या एका चौकोनाकडे मी रोखून बघत होतो तेवढाच सपाट. नजर वर नेली की वरचा सपाट झाला आणि आधीच्याला परत फोड आला. खाली नेली, खालचा. मी जिथे बघेन तिथे भिंत सरळ होत होती आणि माझी नजर हलली की मागे परत फुगत होती. भिंत जिवंत असल्यासारखी.  छापलेला कागद असं करत नाही, नमिता. मी इतकी वर्षं कागद आणि स्क्रीन बघतोय, हे असं होत नाही.

पेढे तिथेच टेबलावर राहिले.

मॅडमनी पंचवीस तारखेपर्यंत मुदत दिली आहे. नाहीतर त्या दुसरीकडून करून घेणार. मशीनकडूनच घेतील, दुसरं कोण आहे. मी नवीन काढायला बसतो, चौकोन कापतो, आणि मग माझा हात थांबतो. सरळ कशाला म्हणायचं ते मला कळेनासं झालंय. पट्टी लावली तर पट्टी वाकते. मी सबंध आयुष्यात दुसरं काही कमावलेलं नाही. मी शिकलेलो नाही, माझ्याकडे सर्टिफिकेट नाही. एका सायबर कॅफेत शब्दकोश मांडीवर घेऊन शिकलो. माझ्याकडे एवढंच होतं, की मला दिसायचं.

उत्तर पाठवलं नाहीस तरी चालेल.

नंदकुमार

घणसोली गाव, ६ फेब्रुवारी

नमिता,

"नेहमीचा डोळा झाकून दुसऱ्याने बघा. काय दिसतं ते लिहा. आणि साखर कधी तपासली होती?"

एवढंच? मी तीन पानं लिहितो आणि तू हे पाठवतेस? कामाबद्दल एक शब्द नाही, भिंतीबद्दल नाही, मॅडमबद्दल नाही. साखर! तुला प्रत्येक गोष्टीत साखरच दिसते. आपली पहिली फाइल परदेशातल्या कुणीतरी विकत घेतली त्या दिवशीही तू माझ्या हातातला पेढा काढून घेतला होतास. मी पंचवीस वर्षं उजव्या डोळ्याने काम करतोय. डावा मी कधी वापरलाच नाही, त्याला काय कळणार आहे? सुताराला कधी दुसऱ्या हाताने रंधा मारायला सांगतेस का? माझ्या कामातलं तुला जे कळतं ते लांबून, दाराशी उभं राहून. जवळचं मला कळतं, आणि

बघितलं.

डाव्याने या कागदाच्या रेघा सरळ आहेत.

नं.

घणसोली गाव, १४ फेब्रुवारी

नमिता,

जाऊन आलो. वाशीलाच, सेक्टरमधल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरकडे. पोरगा आहे अगदी, किसनच्या पोरीच्या, आपल्या प्राचीच्या, नवऱ्याच्या वयाचा, पण बोलतो नीट.

त्याने माझ्या हातात एक कार्ड दिलं. त्यावर काय असेल? चौकडी. उभ्या आडव्या बारीक रेघा आणि मधोमध एक ठिपका. म्हणाला एक डोळा झाका, ठिपक्याकडे बघा, रेघा कशा दिसतात सांगा. मी आधी त्याला सांगितलं की तुमच्या कार्डाची छपाई एकसारखी नाही, डावीकडच्या रेघा जाड आहेत. तो म्हणाला असेल, पण तुम्ही ठिपक्याकडे बघा. डाव्याने सगळं जागच्या जागी. उजव्याने ठिपक्याभोवतीच्या रेघा पुढे आल्या, अगदी माझ्या जाळीसारख्या. मी हसायला लागलो. त्याला वाटलं मी घाबरलोय. घाबरलो होतोच, पण हसू वेगळ्या कारणाने आलं. मी आयुष्यभर जे चौकोनांना केलं ते त्याने मला केलं. बिघाड मध्यभागी आणून दाखवला.

डोळ्याच्या आत जो पडदा असतो त्याच्या बरोब्बर मधल्या भागात पाणी झिरपून सूज आली आहे. साखरेमुळे. आकडा विचारू नकोस, मी लिहिणार नाही. गोळ्या मी घेतो असं मागे लिहिलं होतं, ते दिवाळीपर्यंत खरं होतं. डॉक्टर म्हणाला डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल, पुढचं महिन्याने, मग बघू. उतरेल का, विचारलं. म्हणाला बऱ्याच जणांना फरक पडतो, पूर्ण पहिल्यासारखं होईल असं वचन देत नाही, पण थांबलात तर मधला भाग कायमचा जाईल. कडेचं दिसत राहील. कडा राहतील आणि मधलं जाईल. मी त्याला म्हणालो, माझं सगळं काम कडांचंच आहे. त्याला विनोद कळला नाही. मलाही नंतर तो विनोद वाटला नाही.

गुरुवारी, वीस तारखेला बोलावलं आहे. सोबत घरचं माणूस लागतं, एकट्याला आत घेत नाहीत. मी म्हटलं मी रिक्षाने जाईन, माझं मला जाता येतं. काउंटरवरची बाई म्हणाली, "काका, सगळेच असं म्हणतात. घरचं कोण आहे ते सांगा." मी म्हटलं सांगतो. आईला जिना उतरवून वाशीला नेणं शक्य नाही. किसन येईल, पण गुरुवारी त्याच्या कांद्याच्या गाड्या खाली होतात. बघू.

सुईची भीती नाही मला. दुसरीच भीती आहे, ती तुलाच विचारू शकतो.

हे केव्हापासून आहे ते डॉक्टरला सांगता येत नाही. मीही सांगू शकत नाही, कारण मला कधी डोळ्याचा संशय आलाच नाही, जगाचाच आला. मी तुझ्यावर आळ घेतला. नामाच्या टाइल्स सरळ होत्या. त्याला फोन करून तसं सांगितलं तर म्हणाला, बरं झालं शेठ, आता तरी फोडू नका, मी पनवेलला काम धरलंय. किटलीची तोटीही सरळ असणार. मग मी मागे मागे जायला लागलो. गेल्या वर्षी कुणाकुणाला काय काय वाकडं म्हणालो. आणि तसा जात जात मेमध्ये पोचलो.

प्राचीची हळद. किसनच्या दारातला मांडव. पाटामागे तू निवडलेला तो झेंडूच्या डिझाइनचा फ्लेक्स, दोन तुकडे जोडून लावलेला. मी म्हणालो जोड चुकलाय, दोन बोटं खाली आहे, फोटोत कायम दिसेल. तू म्हणालीस राहू दे. मी खुर्चीवर चढलो आणि सोडवला. बँडवाले थांबले, पोरगी अंगाला हळद लागलेली तशीच बसून राहिली, बायका हातात वाट्या घेऊन उभ्या. तुझी वहिनी म्हणाली, "दाजींना पायजे तं आमी पोरीला उंद्या हलद लावतो." सगळे हसले. तू नाही हसलीस. तिचं लग्न झाल्यावर मी घणसोलीला आलो आणि तू तिथेच राहिलीस.

तेव्हापासून मनात मी एकच धरून बसलोय की बरोबर मी होतो. हीच एक गोष्ट होती माझ्याकडे. आता वाटतं तेव्हाही हा डोळा असाच असेल तर? तो फ्लेक्स सरळ असेल, आणि मी सरळ जोडासाठी भरल्या मांडवात पोरीची हळद अडवली असेल, तर?

तो फ्लेक्स वाकडा होता की नव्हता? मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. खरं काय ते लिही.

नंदकुमार

घणसोली गाव, २४ फेब्रुवारी

नमिता,

तू खाली आईच्या खोलीत बसली आहेस. आवाज येतोय, ती तुला टाइल्सची गोष्ट सांगते आहे, त्यात दोरी तुटल्यावर मी नामाच्या अंगावर धावून गेलो असं ती घालते, तेवढं खोटं आहे. जिना उतरून तोंडी सांगता येईल, पण मग मीच बोलत राहीन. म्हणून लिहितोय. उद्या तू जाशील तेव्हा पिशवीत सापडेल. कागद बिनरेघी घेतलाय, ओळी वरखाली गेल्या असतील तर सांभाळून घे.

गुरुवारी सकाळी मी पायरीवर किसनची वाट बघत होतो. रिक्षा थांबली आणि तू आत सरकून बसलीस, खाली उतरलीसुद्धा नाहीस. म्हणालीस, "बसा." खाडीवरचा पूल येईपर्यंत मी एक शब्द बोललो नाही, हे लक्षात आलं का तुझ्या? माझ्या आलं. मग तूच म्हणालीस.

"वाकडा होता."

मला आधी कळलंच नाही कशाबद्दल.

"फ्लेक्स. दोन बोटं नाही, दीड. लावताना मलाही दिसला होता."

मग बोलली का नाहीस, मी म्हटलं. तू बाहेर बघत होतीस.

"अहो, हळद होती."

तेवढंच. मग रिक्षावाल्याला डावीकडे घे म्हणालीस. काउंटरवरच्या बाईने घरचं कोण विचारलं आणि तू नाव सांगितलंस, तेव्हा मी भिंतीवरच्या कसल्यातरी पोस्टरकडे बघत होतो. दोन्ही डोळ्यांनी.

इंजेक्शनचं लिहिण्यासारखं नाही, तू बाहेर बसली होतीस, मी आत होतो, तुझ्यापेक्षा मला सोपं गेलं असावं. डोळ्यात अजून काळे बुडबुडे तरंगतात. ते उतरतात म्हणे. आज सकाळी ते कार्ड बघितलं. रेघा वाकड्याच आहेत. इतक्यात काही कळत नाही हे मला माहीत आहे, तरी बघितलं. तू स्वयंपाकघरात होतीस म्हणून.

पण मला ते दीड बोट सोडत नाहीये. इतके महिने मला वाटायचं मला दिसतं आणि तुम्हा बाकीच्यांना दिसत नाही. तुलाही दिसत होतं. तुला पाटावरची पोरगीही दिसत होती, वाट्या धरलेल्या बायका दिसत होत्या, आणि त्यांच्यापुढे दीड बोट तू सोडून दिलंस. मला ते सोडता येतं हेच माहीत नव्हतं. बाकीचं मनात जुळवतोय, अजून जुळत नाही. घाई करत नाही.

कामाचं. अकरा बॅकग्राउंड काल आपण संपवली. मूळ फोटो तुझ्या जुन्या फोनमध्ये होते हे बरं झालं, मी तर माझ्याकडचे सगळे 'सरळ' करून बसलो होतो. डाव्या डोळ्याला काम जमतं. हळू जमतं, नवीन माणूस ठेवल्यासारखं. धागा धरायला जातो आणि शेजारचाच धरतो. पण सांगितलेलं ऐकतो, उजव्यासारखा हट्ट करत नाही. अकराही मी अर्धी सरकवून, कडा मध्यभागी आणून तपासली. तुला कंटाळा आलेला दिसत होता, तरी तू दाराशी उभी होतीस.

बारावी राहिली होती, भिंतीची जाळी. ती आज दुपारी झाली. माझा हात सरकवायला गेला तेव्हा तू दारातूनच डोळे बारीक करून बघितलंस आणि म्हणालीस, कुठे संपते कळत नाही, पाठवून द्या. मी म्हटलं एकदा बघतो फक्त. तू ओढणी खांद्यावर टाकलीस आणि आईने हाक मारली म्हणून खाली गेलीस.

मी माउसवर हात ठेवला. एका क्लिकचं काम असतं ते. समजा त्यात दीड बोट असेल तर उद्या मॅडमच्या भिंतीवर दिसेल, सगळ्यांना दिसेल, माझं नाव त्यावर असेल. इंजेक्शनच्या वेळीही मी इतका घाबरलो नव्हतो.

जाळी मी तशीच पाठवली. सरकवून बघितली नाही.

नंदकुमार